बावीस जास्वंदींचा वाफा

दोन दिवसांची रजा माहेरी घालवून ती सोमवारी सकाळी रुग्णालयाच्या आवारात शिरली आणि वाफ्यापाशी येताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीसच्या बावीस जास्वंदी उघड्या पडल्या होत्या. बुंध्याभोवतीची माती खणून, उलथून, वर पाणी शिंपडून अशी सारखी केली होती की बघणाऱ्याला वाटावं, वा, काय काम केलंय. तिनं वर्षभर जमवून पसरलेला पालापाचोळा आणि त्याखालचे भिजवलेले पुठ्ठे पोत्यांत कोंबून भिंतीला लावले होते. हे कुणाचं काम, ते विचारायची गरजच नव्हती. कुदळीचे इतके सरळ घाव या आवारात एकच माणूस घालत असे, आणि तो तिचा सासरा होता.

अप्पांनी इथे एकतीस वर्षं माळीकाम केलं. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी ती लागली, पण वर्षभराच्या बोलीवर. ते वर्ष येत्या गुरुवारी संपत होतं. वाफा बघून रुग्णालयाचे साहेब तिला कायम करण्याच्या कागदावर सही करणार. नाही केली, तर नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर मिळालेल्या आवारातल्या दोन खोल्याही. त्या खोल्यांत ती, तिचा नवरा आणि खुद्द अप्पा राहत होते.

आता या वाफ्याचं दुखणं सांगायला हवं. तिथे लव्हाळा माजला होता. हे गवत दिसायला गरीब, पण जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते. कुदळीनं माळ तुटली की प्रत्येक गाठ आपला वेगळा संसार थाटते. शिवाय जुन्या झुडपांची बारीक मुळं वरच्या वीतभर मातीतच अन्न शोधत असतात. म्हणून तिनं वर्षभरात एकदाही खणलं नाही. पुठ्ठा, त्यावर चार बोटं पाला, आणि त्यातूनही जे पातं डोकं वर काढेल ते दर चौथ्या दिवशी कात्रीनं मातीलगत कापायचं. पातंच टिकू दिलं नाही की गाठ उपाशी मरते. सुरुवातीला टोपलीभर निघायचं, मग मूठभर, गेल्या आठवड्यात जेमतेम अकरा पाती. जास्वंदींनीही यंदा पहिल्यांदाच मन लावून फुलं धरली होती. अप्पा मात्र रोज चहाच्या वेळी टोमणा मारत, "बाग आहे की उकिरडा?" ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तिथेच चुकलं, असं तिला आता वाटलं.

अप्पा पंपाच्या खोलीच्या पायरीवर कुदळ पुसत बसले होते.

"बघितलंस?" ते म्हणाले. "गुरुवारी फजिती झाली असती तुझी. दोन दिवस कंबर मोडून खणलं. म्हटलं, सूनबाईची लाज राखावी."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? एकतीस वर्षं हेच तर केलं मी."

तिनं वाफ्यातलं एक ढेकूळ आणून त्यांच्यासमोर फोडलं. आत लव्हाळ्याच्या तीन तुटक्या गाठी होत्या, एकीला पांढरं टोक फुटू लागलं होतं. बाजूनं केसासारख्या मुळांचे तुकडे लोंबत होते.

"ही जास्वंदीची मुळं. पाल्याखाली ओल मिळाली म्हणून यंदा कुठे वर आली होती. सगळी छाटलीत तुम्ही."

"हॅ. पंधरा दिवसांनी उगवलं की पुन्हा खणायचं. त्यात काय एवढं?"

"एकतीस वर्षं दर पंधरा दिवसांनी का उगवत होतं, हे कधी विचारलंत स्वतःला?" तिचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. "तुम्ही गवत काढत नव्हतात, अप्पा. लावत होतात."

अप्पांच्या हातातलं फडकं थांबलं. सुनेच्या तोंडून इतकं ऐकायची त्यांना सवय नव्हती. ते उठले, कुदळ तिथेच टाकून घरात गेले आणि तीन दिवस त्यांनी अबोला धरला. तिनंही ताट वाढलं, पण जेवा म्हटलं नाही.

गुरुवारी साहेब आले आणि वाफा बघून खूश झाले. "आता कशी बाग दिसते," ते म्हणाले. "खरं सांगू, वर्षभर मला वाटत होतं, बाई कामाला कच्ची आहे. आणा तो कागद."

त्यांनी पेन काढलं. तिनं फक्त मूग गिळून उभं राहायचं होतं. पण ती शाबासकी तिला शिवीपेक्षा जास्त लागली.

"हे मी केलेलं नाही," ती म्हणाली. "आणि हे काम नाही, नासाडी आहे. पंधरा दिवसांनी या, म्हणजे दिसेल. तेव्हा वाटलं तर सही करा, नाहीतर नका करू."

"बरं, पंधरा दिवसांनी बघू," म्हणत साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते निघून गेले.

ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती, आणि अप्पांचा अबोला सुटला. "गप्प बसायला काय झालं होतं? रस्त्यावर आणशील आम्हाला."

"आणायचं काम तुम्ही केलंत. मी ते बोलून दाखवलं, इतकंच."

पंधरा दिवस तिनं वाफ्याला बोट लावलं नाही. हात शिवशिवत होते, तरी नाही. आठव्या दिवशी टोकं वर आली, आणि चौदाव्या दिवशी मुद्दाम पेरल्यासारखा वाफा हिरवा झाला. पाच जास्वंदींनी सगळी पानं टाकली, फांद्या सुकल्या. अप्पा रोज सकाळी हात मागे बांधून तिथे उभे राहायचे. एकदा त्यांनी वाकून एक पातं उपटलं. खालून गाठींची माळ आली. ती ते बराच वेळ बघत राहिले.

साहेब ठरल्या दिवशी आले. वाफ्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं आणि ते अप्पांना म्हणाले, "तुमच्या वेळी नव्हतं हो असं. वाफा कसा लख्ख असायचा."

अप्पांनी नुसती मान हलवली असती, तरी तिची नोकरी गेली असती. अप्पांचा चेहरा लाल झाला होता, आणि तो राग नक्की कुणावर आहे, हे तिला कळेना.

"असंच असायचं, साहेब," अप्पा म्हणाले. "पंधरा दिवसांनी उगवायचं, मी खणायचो, आणि तुम्ही किंवा तुमच्या आधीचे साहेब येऊन माझी पाठ थोपटायचे. एकतीस वर्षांत एकानंही विचारलं नाही की अरे, हे संपत का नाही."

"मग हिच्याच पद्धतीनं चालू दे," साहेब म्हणाले. भिंतीवर कागद टेकवून त्यांनी सही केली आणि तो तिच्या हातात दिला.

तिचा राग सहीनं गेला नाही. वाळलेल्या पाच जास्वंदी सहीनं जगणार नव्हत्या. तिनं कात्री अप्पांपुढे धरली. "मातीलगत कापायचं. आत खुपसायची नाही."

अप्पा गुडघ्यांवर बसले. "किती दिवस?"

"वर्षभर," ती म्हणाली. "तुमच्यामुळे पुन्हा पहिल्यापासून."

अप्पांनी पहिलं पातं कापलं.