चंद्रावरचा एक एकर

कमलेशच्या परिचयपत्रात तिसऱ्या ओळीला लिहिलं होतं : ‘शेती – जामसरला अडीच एकर, चंद्रावर एक एकर.’

प्रतिक्षाने ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. माणूस तिला आवडला होता. जव्हारच्या कॉलेजात तो तिच्या दोन वर्षं पुढे, भौतिकशास्त्राला. आता मोखाड्याजवळच्या आश्रमशाळेत शिकवायचा. रविवारी खोडाळ्याला तिच्या घरी येऊन रीतसर मागणी घालायची, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. ही ओळ मात्र त्यात नव्हती.

त्यात तिचा बाप तुका नेमका गावच्या वनहक्क समितीचा अध्यक्ष. दोन हजार आठचा नोव्हेंबर चालू होता. जंगलातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना सरकार तिचा हक्क देणार होतं, आणि कोणाचा दावा खरा हे समितीने तपासायचं होतं. महिनाभर तुकाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. घरातलं मीठ संपलं म्हटलं, तरी तो पुरावा मागायचा.

कमलेश आला तो इस्त्रीच्या पँटमध्ये. सोबत आणलेल्या चुलत्याला जीपमध्ये मळमळलं होतं, तो ओट्यावर आडवा झाला. घरात उरले तुका, समितीतला सगळ्यांत म्हातारा सभासद पुंजा, आणि प्रतिक्षा. आई, सकू, चुलीपाशी होती.

तुकाने कागद हातभर लांब धरून वाचला. “चंद्रावर?”

“हो, मामा.” कमलेशने पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. सोनेरी काठ, लाल शिक्का, कुठल्याशा परदेशी कंपनीचं नाव. इंटरनेटवरून मागवलेलं.

तुकाने खिशाचं पेन काढलं. “चतुःसीमा सांग.”

“अक्षांश-रेखांश दिलेत.”

“बांध घातलास?”

“नाही.”

“कायद्यातल्या तारखेच्या, तेरा डिसेंबर दोन हजार पाचच्या आधीपासून कसतोस का?”

“मामा, तिथे अजून कोणीच…”

“साक्षीदार कोण?”

“मी हाय की,” पुंजा म्हणाला. “सत्तर वरसं चांद बघतो. तिथं कोनी नांगर धरलेला मी नाय पाहिला.”

प्रतिक्षाला हसू आवरेना. तिने प्रमाणपत्र हातात घेतलं आणि तिचं हसू थांबलं. रेखांश दीडशे अंश पूर्व. गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. पण आकड्यातला घोळ दिसला की तिला बोलल्याशिवाय राहवायचं नाही.

“पुंजाबाबा, तुमची साक्ष चालणार नाही. हा तुकडा चंद्राच्या पाठीमागे आहे. ती बाजू आपल्याकडे कधी वळतच नाही.”

कमलेशचे कान लाल झाले. भौतिकशास्त्राचा मास्तर, आणि त्याने हे पाहिलंच नव्हतं.

“म्हंजे जागा दाखवता पन येत नाय?” तुकाने पेन खाली ठेवलं. तुकाने पेन खाली ठेवलं की दावा गेला, हे अख्ख्या खोडाळ्याला ठाऊक होतं.

“घेतलीस तरी कशाला?” तुकाने विचारलं.

कमलेश म्हणाला, “मामा, आपलं यान आत्ता चंद्राभोवती फिरतंय. आज ना उद्या कंपन्या जाणार. तिथल्या मातीत हेलियमचा एक प्रकार आहे, त्यापासून वीज करता येईल म्हणतात. ध्रुवांकडच्या खड्ड्यांत बर्फ असेल. मग वाटप होईल, याद्या होतील. जंगलाची यादी झाली, खाणीची झाली, पाण्याची झाली. आपली माणसं दर वेळी मागाहून पोचली, दंडाच्या पावत्या घेऊन. म्हटलं, ह्या एका यादीत तरी आपलं नाव आधीपासून असावं.”

पुंजाची विडी हातातच विझली. जंगलात नांगर धरल्याबद्दल तुकाने स्वतः भरलेल्या दंडाच्या अकरा पावत्या आतल्या पत्र्याच्या डब्यात होत्या.

“पण ही कंपनी विकते कुणाच्या हक्कानं?” तुकाचा आवाज उतरला होता.

“तोच घोळ आहे, बाबा,” प्रतिक्षा म्हणाली. “देशांनी करार केलाय, चंद्र कोणत्याही देशाचा नाही. कंपनी म्हणते, करारात देशांना मनाई आहे, माणसांना नाही.”

“फटीतून शिरली म्हन की,” तुका म्हणाला.

“आणि तिथला दगड उचलून आणला तर तो कोणाचा, यावर अजून भांडण आहे.”

“त्यात भांडन कसलं?” चुलीपासून सकू म्हणाली. “मोहाचं झाड कोनाचं? सगल्यांचं. खालची जागा जिनं झाडली, त्या मोसमाची फुलं तिची. पुढच्या साली परत झाडायची. फांदी तोडली, तर गाव बसतं न्याय करायला.”

प्रतिक्षा आईकडे बघतच राहिली. अंतराळ कायद्यावरचे दोन लेख तिने वाचले होते. इतकं सुटसुटीत त्यांत काही नव्हतं.

“मग कंपनीनं आधी झाडू घेऊन जावं,” पुंजा म्हणाला. कमलेशसुद्धा हसला.

तुकाने पेन उचललं आणि परिचयपत्रावरच लिहिलं : ‘चंद्र – नामंजूर.’ कमलेशचा चेहरा पडला. तुका लेकीकडे वळला. “दावेदाराचं काय करू?”

“स्थळपाहणी करा,” प्रतिक्षा म्हणाली.

“मग ऊठ, मास्तर. वरच्या तुकड्यावर नागली कापणीला उभी हाय.”

कमलेशने इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. प्रतिक्षा पाण्याची कळशी घेऊन मागून पोचली, तेव्हा तो कापायला लागलाही होता. विळा नीट धरला होता. जामसरचे अडीच एकर काही नुसते कागदावर नव्हते. पण तुका त्याच्या हाताकडे बघतच नव्हता. तो बांधावर उभा राहून बोट दाखवत होता.

“ह्या धोंड्यापासून त्या सादड्याच्या झाडापर्यंत आपलं. ओहळापलीकडं पुंजाचं. पावसात धोंडा सरकतो, तेवढा दर साली बघायचा. ध्यानात ठेव.”

“ठेवतो,” कमलेश म्हणाला.

प्रतिक्षाने कळशी सावलीत टेकवली आणि दुसरा विळा घेतला.