चित्रगुप्ताची प्रत

ठकीला लहानपणापासून ऐकू कमी येई. डाव्या कानाने मुळीच नाही, उजव्याने यंत्र लावून थोडंफार. ठकी हे तिचं घरचं नाव. ते विद्यापीठात नेलं चिमणीने, कारण चिमणी तिच्याकडे जेवायला येई आणि आईच्या हाका ऐके. चिमणी म्हणजे जिवाला जीव देणारी मैत्रीण, असं ठकी भेटेल त्याला सांगे.

ऑनलाइन बैठकीत जो जे बोलेल ते पडद्यावर लिहून दाखवणारी सोय चिमणीनेच तिला शोधून दिली होती. बैठक संपली की कोण काय बोललं त्याची प्रत सगळ्या निमंत्रितांना मेलवर आपोआप जाई. चिमणीने त्या सोयीचं नाव ठेवलं चित्रगुप्त. "आता तुझ्यापासून काही लपायचं नाही बघ," ती म्हणाली होती, आणि दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही त्यातलाच निघाला. चॅट, ऑनलाइन बैठका, वर्गाचे ग्रुप हे सगळं विद्यार्थ्यांच्या कितपत उपयोगी पडतं, हे पाहायचं. गटात तिघं: ठकी, चिमणी आणि लंबू. दीडशे विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले ते एकट्या ठकीने, चॅटवर, कारण तिथे ती कुणाहून तसूभरही कमी नव्हती. म्हणून बाहेरून येणाऱ्या परीक्षकांपुढे निष्कर्ष तीच बोलणार होती. दहा मिनिटं. महिनाभर ती आईसमोर उभी राहून सराव करत होती. आई तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून 'श' आणि 'स' घोटून घेई. भरल्या खोलीत एकदा आपल्या तोंडाने आपलं काम सांगायचं, तिला एवढंच हवं होतं.

परीक्षेच्या दोन दिवस आधी दुपारी शेवटची ऑनलाइन बैठक झाली. ठकीने आपली दहा मिनिटं म्हणून दाखवली. लंबूने अंगठा वर केला. चिमणी म्हणाली, "डोळ्यांत पाणी आणलंस गं." यंत्र तपासायला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून ठकी त्यांचा निरोप घेऊन आधी बाहेर पडली.

ती बाहेर पडली की चित्रगुप्तही उठून जातो, असा त्या दोघांचा समज होता. मेलवर येणारी प्रत त्यांनी कधी उघडूनही पाहिली नव्हती.

दवाखान्याच्या बाकावर आईशेजारी बसल्या बसल्या प्रत आली. आधी तिचं स्वतःचं बोलणं होतं. ते आवडीने वाचून ती खाली गेली.

लंबू: गेली का?

चिमणी: गेली. आता बोल.

लंबू: हे असलं ऐकवायचं परीक्षकांना? बादलीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं.

चिमणी: मला काय सांगतोस? तीन वर्षं शेजारी बसतेय. कान किटलेत माझे.

लंबू: मग डोळ्यांत पाणी कसलं आलं?

चिमणी: हसू दाबलं की येतं.

लंबू: पण तिला सांगणार कोण?

चिमणी: मी सांगते. मॅडमनी वेळ कापली म्हणते. माझा शब्द तिला वेदवाक्य आहे, ऐकू येवो न येवो.

त्याखाली चित्रगुप्ताने इमानाने लिहिलं होतं: हशा.

"काय आलंय गं?" आईने तिच्याकडे तोंड करून विचारलं.

"काही नाही. गटाचं काम."

मग ठकीची नजर वरच्या यादीकडे गेली. निमंत्रितांत मार्गदर्शक मॅडमचंही नाव होतं. मॅडम बैठकांना येत नसत, पण प्रत त्यांनाही गेली असणार. ठकीच्या जिवात जीव आला. आपण कशाला तोंड वाईट करायचं? मॅडम वाचतील आणि काय ते बघतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीने तिला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठलं. "मॅडमनी वेळ कमी केली गं. निष्कर्ष मलाच वाचायला सांगितलेत. माझाच जीव तुटतोय बघ."

"मॅडम स्वतः म्हणाल्या?"

"तोंडावर म्हणाल्या. मी भांडलेसुद्धा तुझ्यासाठी."

ठकीने तिचे ओठ शेवटपर्यंत नीट वाचले. "मग मी काय करू?"

"तू स्लाइड सरकव. तुझ्याइतकं नेमकं कुणाला जमतंय?"

"बरं," ठकी म्हणाली.

परीक्षेला ती आईने इस्त्री केलेला सदरा घालून गेली. मॅडम पहिल्या रांगेत होत्या. आता त्या थांबवतील, आता थांबवतील, म्हणून ठकी प्रत्येक स्लाइडला त्यांच्याकडे बघत होती. मॅडमनी एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि नजर कागदात घातली. चिमणीने हातवारे करून शेवटचं वाक्य म्हटलं. वाक्य ठकीचं होतं, पडद्यावरही होतं: या साधनांमुळे वर्गातला एकही विद्यार्थी संभाषणाबाहेर राहत नाही. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. ठकीला त्या दिसल्या.

सगळे गेल्यावर मॅडमनी तिला थांबवलं. ठकीने फोनवर चित्रगुप्त चालू करून तो टेबलावर ठेवला. समोरासमोरही तो कामाला येई.

"मी वाचलं ते," मॅडम म्हणाल्या. "भाषा बरी नव्हती त्यांची. समज देईन मी. पण बाळ, परीक्षक बाहेरचे. गटाचे गुण गेले असते. तसं बघितलं तर त्यांचं काही चुकलं नाही."

अक्षरं एकामागून एक उमटत गेली. ठकीने ती दोनदा वाचली.

"आणि एक सांगते. हे चित्रगुप्त की काय, ते बंद ठेवत जा. कुणाचं खासगी बोलणं असं गावभर जाणं बरं दिसत नाही. आत्ताही चालू आहे का?"

"आहे."

"मग कर बंद."

ठकीने बंद केलं. मॅडम समाधानाने हसल्या, पाठ वळवून कपाटात कागद लावू लागल्या आणि लावता लावता बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. फोनचा पडदा कोरा होता.

खांदे हलायचे थांबल्यावर ठकी म्हणाली, "हो, मॅडम."