बैल कुणाच्या दारात कापला

टेकडी चढताना कुणी हाक मारली तरी यिह्या मन्झली आताशा थांबत नसे. थांबलं की पुन्हा पाय उचलायचा कंटाळा. खाली यहुद्यांनी भरलेली सराई, वर सुलतानाचं पाहुणघर, आणि मधे यिह्या. पाच महिने हाच धंदा. खालच्यांचं रडणं वर न्यायचं आणि वरच्यांचा नन्नाचा पाढा खाली आणायचा. बरं, दोन्हीकडून शिव्या त्यालाच.

सुदैरा हे नावाला राज्य. वरच्या अंगाला इमामाचा येमेन, खालच्या अंगाला इंग्रजांचं एडन, मधे ही चिंचोळी पट्टी. इमामाचा हुकूम होता की यहुद्यांनी देश सोडायचा नाही. इंग्रजांचा हुकूम होता की यहुद्यांनी एडनात शिरायचं नाही, कारण तिथली छावणी भरली आहे. छावणी रिकामी व्हायची तर माणसं जहाजाने पॅलेस्टाइनला जायला हवीत. आणि पॅलेस्टाइनात किती यहुदी घ्यायचे तेही इंग्रजच ठरवणार, तेही चिमूटचिमूट. म्हणजे कुलूप लावणारा तोच आणि दार उघडत नाही म्हणून हळहळणाराही तोच! महायुद्ध संपलं, आता काहीतरी होईल, असं सगळे म्हणत होते. काही होत नव्हतं.

यिह्या स्वतः एडनचा. गोदीवर कारकुनी करता करता इंग्रजी शिकला, म्हणून दुभाषा झाला. त्याची बायको बद्रा सात वर्षांपूर्वी पॅलेस्टाइनातल्या याफाला गेली होती. त्याचा नंबर आता कुठे लागला होता. पुढच्या आठवड्यात जहाज. एकदा हे सराईचं निस्तरलं की सुटलो, असं तो रोज स्वतःला सांगे.

पण सराईत हमामा होती. त्याच्या भावाची मुलगी. येमेनातून निघाली ती बापाचं बोट धरून, आणि बाप इथे सराईत तापाने गेला. आई तर कधीचीच गेलेली. इमामाच्या मुलखात बाप मेलेलं यहुदी पोर सरकारचं होतं. त्याला उचलून नेतात, मुसलमान करतात, नाव बदलतात. काका आहे, आजी आहे, असलं काही ऐकून घेत नाहीत. तेव्हा बाकीचे परत गेले तर त्यांचे हाल झाले असते. हमामा परत गेली तर हमामाच उरली नसती.

"आज काय सांगितलं रे तुझ्या इंग्रज साहेबाने?" सराईच्या तोंडाशीच नद्रा आजी बसलेली असे. नात्याने कुणाचीच नाही, पण सगळ्यांवर हुकूम तिचाच.

"विचार चालू आहे म्हणाला."

"पाच महिने विचार? एवढ्या विचारात तर माणूस अख्खा तोरा ग्रंथ पाठ करतो."

ती दगडांवर भाकरी भाजत होती. एका बाजूने कच्ची, दुसऱ्या बाजूने करपलेली. मातीची भट्टी घालू या, असं कुणी म्हटलं की आजी अंगावर धावून जाई. "भट्टी घातली की पाय रुतले! उद्या निघायचंय आपल्याला." गाठोडीसुद्धा ती सोडू देत नसे. लोक पाच महिने गाठोड्यांना टेकून झोपत होते आणि कच्ची भाकरी खाऊन पोटं धरत होते.

आजीच्या मागे एक तांबडा बैल बांधलेला होता. आपली चांदीच्या टिकल्यांची लग्नातली टोपी देऊन तिने तो बाजारात घेतला होता. कशासाठी, ते सगळ्या सुदैराला माहीत होतं. त्या डोंगरात रीतच आहे. गाऱ्हाणं घेऊन आलेल्याने ज्याच्या दारात जनावर कापलं, त्याने ते गाऱ्हाणं ऐकायचं. उंबऱ्यावर रक्त पडलं की घरधन्याची अब्रू त्यात अडकली. मग नाही म्हणणाऱ्याचा सलाम बाजारात कुणी घेत नाही.

सुलतान नाजी बिन अवद ही रीत आईच्या दुधाबरोबर प्यायलेला होता. म्हणूनच त्याने महिनाभर वाड्याच्या फाटकावर पहारा बसवला होता. बैल राहू दे, कोंबडी आत जायची नाही. त्याची स्वतःची दुभती शेळी मागच्या दाराने येई.

"शुक्रवारी," यिह्याने आजीला बजावलं होतं, "तो नमाजाला गेला की पहारेकरी त्याच्याबरोबर जातात. तेव्हा फाटकाशी न्यायचा. तोवर जागचं हलायचं नाही. मी सांगेन."

"तू सांगेपर्यंत बैल म्हातारा व्हायचा," आजी म्हणाली.

त्या दिवशी गुरुवार होता, बाजाराचा दिवस. पाहुणघरात बैठक भरली. इंग्रजांचा अधिकारी हॅलम एडनहून आला की तिथेच उतरे आणि दारावर आपला झेंडा लावी. हॅलम वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर यिह्याला सोपं गेलं असतं. हिवतापाने पिवळा पडलेला, सभ्य, आणि थकलेला.

"यिह्या, ठरलं आता," हॅलम म्हणाला. "रविवारी सुलतानाचे शिपाई सगळ्यांना परत वरच्या हद्दीवर सोडतील. त्यांना सांग, मला व्यक्तिशः फार वाईट वाटतं."

"साहेब, हे मी दर आठवड्याला सांगतो. त्यांना पाठ झालंय."

सुलतान गालात गातची नशेची पानं चघळत लोडाला टेकला होता. "माझ्याकडे कशाला बघतोस? इमामाचा माणूस म्हणतो, परत पाठव, नाहीतर कॉफीचे उंट अडवतो. तुझा साहेब म्हणतो, पुढे सोडू नको, नाहीतर तनखा बंद. मी मधल्या मधे मरू का?"

"हुजूर, माझी पुतणी आहे त्यात."

"माहीत आहे मला."

यिह्या हॅलमकडे वळला. आपल्यासाठी काही मागायचं नाही, असं त्याने ठरवलेलं होतं. मागितलं. "साहेब, एक मुलगी. ती परत गेली तर तिला नेतील. मी काका आहे, मी तिला माझ्याबरोबर..."

"एकीला सोडलं तर दाराशी चाळीस उभे राहतील."

"चाळीस उभेच आहेत, साहेब."

हॅलमने डोळे चोळले. "माझ्या हातात नाही. लंडनच्या हातात आहे. लंडन म्हणतं, जेरुसलेमच्या हातात आहे. मला ताप आहे, यिह्या. पुरे कर."

यिह्याला वाटलं, इथेच गालिच्यावर आडवं व्हावं आणि उठूच नये. रविवारी हमामाला काय सांगायचं? शुक्रवार, शुक्रवार एवढंच त्याच्या डोक्यात होतं. उद्याचा दिवस हाताशी होता.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. बैलाचं एक हंबरणं, मग काही नाही.

यिह्या धावला. पाहुणघराच्या उंबऱ्यावर तांबडा बैल पडला होता. मोरी झखर्या, सराईतला कसाबही तोच आणि पोरांचा गुरुजीही तोच, सुरी पुसून नखावर धार तपासत होता. हा बैल ते खाणार नव्हते, पण धर्माच्या नियमाने धार तपासायची सवय कुठे जाते! नद्रा आजी उघड्या डोक्याने रक्ताशेजारी बसली होती. मागे सराईतले सगळे. हमामाच्या हातात बैलाचा दोर तसाच.

"आजी, काय केलंत हे! मी शुक्रवार म्हटलं होतं ना!"

"शिपाई सांगून गेला की रविवारी हाकलणार. मग वाट बघत बसू? वाड्यावर गेलो, तर पहारा. मग म्हटलं, हुकूम निघतो कुठून? इथून. झेंडा कुठे? इथे. मग रक्तही इथेच."

"अहो, त्या साहेबाला या रक्ताचं काय! तो पाणी ओतून धुऊन टाकेल!"

आजीचं तोंड उतरलं. वरच्या मुलखात सगळ्यात मोठा जो, त्याच्या दारात जायचं असतं. तिने तेच केलं होतं. इथे सगळ्यात मोठा जो होता, त्याला दारच नव्हतं.

बाजार जवळच. बघता बघता टोळीवाले जमले. कमरेला खंजीर, कुणाच्या हातात मिठाचं पोतं, कुणाच्या काखेत कोकरू. कुणी बोलेना. अशा वेळी तिथे कुणी बोलत नाही. घरधनी काय करतो ते बघतात.

हॅलम बाहेर आला आणि त्याचा बूट रक्तात पडला. मागून सुलतान आला. त्याने बैल बघितला, दारावरचा झेंडा बघितला, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा पोट धरून हसला. "मुबारक हो साहेब! आता हे तुमचे!"

"काय म्हणतो हा? हे काय आहे?"

यिह्याने सांगितलं. ज्याच्या दारात कापलं, त्याने ऐकायचं.

हॅलम तापाने आणि रागाने थरथरायला लागला. एडनला काय कळवायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मूर्खपणा आहे हा! त्यांना सांग, हे घर माझं नाही. मी इथे पाहुणा आहे. घर सुलतानाचं, दार सुलतानाचं, उंबरा सुलतानाचा. माझ्या सरकारचा या दाराशी काडीचा संबंध नाही. मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

या माणसाने पाच महिन्यांत सांगितलेलं प्रत्येक वाक्य खाली नेताना त्याच्या जिवावर आलं होतं. हे एक वाक्य नेताना नाही आलं.

तो पायरीवर चढला आणि ओरडला, "लोकहो, साहेब म्हणतात, हे घर त्यांचं नाही. ते पाहुणे आहेत. घर सुलतान नाजी बिन अवद यांचं. दार त्यांचं. उंबरा त्यांचा!" एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

गर्दीतला मिठाचं पोतंवाला म्हातारा पुढे आला. त्याने रक्ताकडे बघितलं, मग सुलतानाकडे. "म्हणजे नाजी, तुझ्या उंबऱ्यावर पडलं."

सुलतानाचं हसू कुठल्या कुठे गेलं. गालातली पानं त्याने थुंकली. पळायला जागा नव्हती. सगळा बाजार समोर उभा होता.

"पडलं," तो म्हणाला. मग खाली वाकून त्याने आजीचा पदर तिच्या डोक्यावर ठेवला. "तुम्ही माझे. माझ्या हद्दीत तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. परत कुणी जाणार नाही."

आजी रडायला लागली. हमामाला काही कळलं नाही, पण आजी रडते म्हणून तीही रडली. यिह्याच्या छातीवरचा दगड उतरला. उतरला म्हणेपर्यंत सुलतानाने त्याचं मनगट धरलं.

"तुझ्या तोंडाने बांधलंस मला. आता माझं ऐक. परत नाही, पण पुढेही नाही. तनखा मला हवा आहे. आणि इमामाला काय सांगू? नुसतं ठेवून घेतलं म्हणालो तर उंट गेले. यांचा एक माणूस ओलीस ठेवलाय, एवढं तरी सांगता आलं पाहिजे. यांतला एक जण एडनकडे पळाला, तर त्या ओलिसाची मान. तो माणूस तू."

"हुजूर, माझं जहाज..."

"म्हणून तर तू. ज्याला जायची घाई नाही, त्याला ओलीस ठेवून काय करू?"

"किती दिवस?"

"साहेबाला विचार. एडनचं फाटक त्याचं."

यिह्याने विचारलं. हॅलम बुटाचं रक्त गवताला पुसत होता. "हे जहाज सोडलंस तर तुझा नंबर जाईल, यिह्या. पुन्हा कधी येईल, मी सांगू शकत नाही. मला..."

"व्यक्तिशः वाईट वाटतं. माहीत आहे, साहेब."

हमामा अजून दोर धरून उभी होती. जनावर नसलेला दोर. यिह्याने तिच्याकडे बघितलं आणि सुलतानाला म्हणाला, "ठीक आहे."

संध्याकाळी तो टेकडी उतरला. आता पुन्हा चढायची घाई नव्हती, म्हणून सावकाश उतरला. सराईत कुणी गात होतं, कुणी अजून भांडत होतं की जिंकलो की हरलो. बद्राने याफात खोली झाडून ठेवली असेल, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला भर रस्त्यात रडू फुटलं. डोळे पुसून तो आत गेला.

"नीट सांग," आजी म्हणाली. "परत नाही ना?"

"परत नाही."

"आणि पुढे?"

"पुढेही नाही."

हमामा त्याला बिलगून बसली. "काका, तुझं जहाज?"

"जाईल की. त्याला कोण अडवतंय!"

आजीने त्याला भाकरी वाढली. पुढ्यातली भाकरी नेहमीसारखीच, एका बाजूने कच्ची. यिह्याने एक घास खाल्ला आणि बाकीची खाली ठेवली.

"आजी, उद्या माती मळायला घ्या. भट्टी घालू."

आज ती अंगावर धावून आली नाही. तिने आपलं गाठोडं पुढे ओढलं आणि गाठ सोडायला लागली. गाठ पाच महिन्यांची, सुटेना. हमामा मदतीला सरकली.

"इथली माती बरी नाही," आजी म्हणाली. "तडकेल."

"तडकली तर दुसरी घालू," यिह्या म्हणाला. "वेळ आहे."