डॉक्टरांचे चोवीस शब्द

माझा दवाखाना चौकात आहे, समोरच औषधांचं दुकान. बावीस वर्षं प्रॅक्टिस केल्यावरही माझी समजूत होती, की माझं अक्षर वाईट नाही, फक्त वेगवान आहे.

काही वर्षं मी दर महिन्याला एका ऑनलाइन एक्स्चेंजवर थोडी थोडी क्रिप्टोकरन्सी घेत होतो. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी, असं घरी सांगायचो. खरं तर पेशंटमधल्या एका इंजिनिअरसमोर मला अडाणी दिसायचं नव्हतं. एकदा तोच घसा दाखवता दाखवता म्हणाला, "डॉक्टर, सगळं एक्स्चेंजवर ठेवू नका. हार्डवेअर वॉलेट घ्या. किल्ली आपल्या हातात राहते."

मी कंपनीकडूनच थेट वॉलेट मागवलं. काडेपेटीएवढं यंत्र, एवढासा पडदा, दोन बटणं. पाकिटाचं सील भिंगातून तपासलं. बायको शाळेत गणित शिकवते; ती शेजारी उत्तरपत्रिका तपासत बसली होती.

"ऑपरेशन चाललंय का?" तिने विचारलं.

"तसंच समज," मी म्हणालो, आणि खरोखर हात धुऊन आलो.

पिन ठरवला. मग पडद्यावर एकेक करून चोवीस इंग्रजी शब्द आले. यंत्र हरवलं, बिघडलं, तरी हे शब्द क्रमाने भरले की सगळं परत मिळतं. आणि ते दुसऱ्याला मिळाले की सगळं त्याचं. म्हणून फोटो काढायचा नाही, कॉम्प्युटरवर टाइप करायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, फक्त कागदावर लिहायचं. मी सगळं तंतोतंत पाळलं. पुस्तिकेत 'सुवाच्य अक्षरात लिहा' असंही होतं. ते इतरांसाठी असावं असं समजून मी पुढे गेलो.

यंत्राने खात्रीसाठी चार शब्द विचारले. नुकतेच लिहिलेले असल्याने पाठ होते. कागदाकडे बघावंच लागलं नाही.

"आता यंत्रावर थोडीशीच नाणी पाठव," बायको म्हणाली. "मग यंत्र मुद्दाम पुसून टाक आणि कागदावरून परत उभं करून बघ. जमलं तर बाकीची पाठव."

"धडधाकट माणसाला मी व्हेंटिलेटरवर ठेवून बघतो का?" मी विचारलं, आणि सगळी एकदम पाठवून दिली.

चार महिन्यांनी मुलीला प्रवेश मिळाला. फी भरायला काही नाणी विकावी म्हणून मी वॉलेट काढलं आणि पिन आठवेना. कोणाचा वाढदिवस नको, गाडीचा नंबर नको, म्हणून मी फार हुशारीचा आकडा निवडला होता. इतका हुशारीचा, की तो माझ्याही हाती लागेना. तीनदा चुकलो. यंत्राने स्वतःला पुसून टाकलं.

घाबरलो नाही. नाणी यंत्रात नसतात, नेटवर्कवर असतात; यंत्रात फक्त किल्ली, आणि ती चोवीस शब्दांतून परत येते. ऐटीत कपाटातून कागद काढला, चष्मा लावला. मग चष्मा पुसला. मग कागद खिडकीपाशी नेला.

यंत्र पहिली दोन-चार अक्षरं टाकली की शब्द सुचवत होतं, म्हणून अठरा शब्द कसेबसे जमले. उरलेल्या सहांच्या जागी सहा गांडुळं होती.

गुपचूप एका फोरमवर मदत मागितली. मिनिटाच्या आत कंपनीचा तथाकथित माणूस हजर. "कागदाचा फोटो पाठवा, सर." मी मोबाइल उचललाही होता. बायकोने तो हातातून काढून घेतला.

"शब्द मागणारा चोर असतो, हे त्याच पुस्तिकेत पहिल्या पानावर आहे," ती म्हणाली.

"त्याला तरी कुठे वाचता आलं असतं!"

"तेवढ्यावर भरवसा ठेवू नकोस."

मग मला औषधवाल्या ताई आठवल्या. बावीस वर्षं माझी प्रत्येक चिठ्ठी त्यांनी बिनचूक वाचली होती. रस्ता ओलांडून गेलो, कागद खिशात हाताखाली दाबून.

"ताई, माझं अक्षर तुमच्याइतकं कोणी ओळखत नाही. सहाच शब्द आहेत."

"कसले?"

मी सांगितलं. त्यांनी चटकन तोंड फिरवलं. "नको डॉक्टर, दाखवूच नका. असलं काही बघायची मला इच्छा नाही. आणि खरं सांगू? तुमचं अक्षर मला वाचता येत नाही."

"मग इतकी वर्षं?"

"पेशंटला विचारते काय होतंय. त्यावरून तुम्ही काय लिहिलं असेल ते कळतं. शंका आली की तुमच्या नर्सला फोन करते." त्यांनी काउंटरवरची वही सरळ केली. "रोज पाच-सहा वेळा करते."

माझ्या शब्दांना खोकलाही नव्हता, तापही नव्हता. मी परत निघालो, तेव्हा त्यांना माझी दया आली असावी. "डॉक्टर, तुमच्या हाताची वळणं मात्र ठरलेली आहेत. एकच औषध तुम्ही दर वेळी अगदी त्याच वळणाने, न वाचता येण्यासारखं लिहिता. वाचू नका. परत लिहून बघा."

घरी बायकोने शब्दांची अधिकृत यादी उघडली; ती सगळ्यांसाठी खुलीच असते. माझा कागद तिने पाहिला नाही. मी फक्त पहिलं अक्षर सांगायचं, तिने त्या अक्षराचे सगळे शब्द वाचायचे, आणि मी प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर ते लिहून गांडुळाशी ताडून पाहायचे.

जपून लिहिलं की काही जुळेना.

"बाहेर तीस पेशंट बसलेत," ती म्हणाली. "एक जण ओरडतोय. लिही."

मी भराभर लिहीत सुटलो. दुपारपर्यंत चार गांडुळं ओळखली. पाचवं 'मेडल' की 'मेटल', आणि सहावं 'कोच' की 'काउच', एवढंच उरलं. म्हणजे चार शक्यता. पहिल्या तिन्ही वेळा यंत्र म्हणालं, शब्द जुळत नाहीत. चौथ्या वेळी पडद्यावर माझी सगळी नाणी जिथल्या तिथे दिसली. मी बायकोला मिठी मारली, ती म्हणाली, "आधी पॅडचे कागद जाळ."

जाळले. सहा शब्द तिच्या तोंडून गेले होते, म्हणून नाणी तात्पुरती एक्स्चेंजवर नेली, फीपुरती विकली आणि सगळं नव्याने मांडलं: नवे चोवीस शब्द, चौकटीच्या कागदावर, मोठ्या सुट्या अक्षरांत. एकेका शब्दाला पेशंट तपासायला लागतो तेवढा वेळ लागला. थोडीशीच नाणी पाठवली, यंत्र स्वतःच्या हाताने पुसलं आणि कागदावरून परत उभं केलं. मग बाकीची पाठवली.

सोमवारपासून चिठ्ठ्याही तशाच लिहायला लागलो. पहिल्याच आजोबांनी चिठ्ठी हातात घेतली, नीट वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "काही गंभीर आहे का?"