दहापैकी चार

माझ्या डाव्या हाताला जे झालंय त्याचं नाव इतकं लांबलचक आहे, की ते पूर्ण सांगेपर्यंत समोरच्याने विषय बदललेला असतो. म्हणून हल्ली मी नुसतं 'शिरांचं दुखणं' म्हणते. तेवढ्यावर प्रत्येकाकडे उपाय तयार असतो. सासूबाईंकडे गरम पाण्याची पिशवी, शेजारणीकडे तेल, आणि दिराकडे, 'वहिनी, तुम्ही फार मनावर घेता.' मनावर नाही भावजी, हातावर घेतलंय, असं मी एकदा म्हटलं. सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार.

मी कापड तपासते. म्हणजे तपासायचे. खालून उजेड टाकणाऱ्या टेबलावरून तागा सरकत जातो आणि आपण त्यातले दोष धरायचे. तुटलेला धागा, गाठ, डाग, भोक. डोळ्यांना दिसायच्या आधी माझ्या डाव्या हाताच्या बोटांना कळायचं. नऊ महिन्यांपूर्वी फळीवरून एक तागा निसटला आणि त्याच हाताच्या मनगटावर बसला. हाडाला बारीकशी चीर, पाच आठवडे प्लास्टर. हाड छान जुळलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून मला कौतुकाने दाखवला. दुखणं मात्र प्लास्टर काढल्यावर सुरू झालं.

हात जळतो. तव्यावर टेकावा आणि उचलताच येऊ नये, तसा. वर कायम काही दिसावं तर तेही नाही. कधी लालसर चकाकतो, कधी उजव्या हातापेक्षा गार लागतो, आणि डॉक्टरांकडे जायच्या दिवशी नेमका शहाण्यासारखा वागतो. बाहीचं कापड टेकलं तरी डोळ्यांत पाणी येतं, म्हणून माझ्या सगळ्या कपड्यांची डावी बाही मी कोपराच्या वर कापून टाकली आहे. कापडावर आयुष्य काढलेल्या बाईला कापड सोसू नये, यावर कारखान्यातल्या काकी म्हणाल्या, "तुझ्यावर रागावलंय गं ते. किती नाकारलंस त्याला."

डॉक्टर म्हणाले होते, "असं काही थोड्या लोकांना होतं. का होतं, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही." हे निदान खरं तरी होतं. मग ते म्हणाले, "याच्यासाठी वेगळा विभाग आहे, वेदनांचा. पण तिथे निवडक लोकांनाच घेतात. तुमचं त्यात बसत नाही." दोनदा विचारलं, दोनदा हेच उत्तर. का बसत नाही, ते सांगितलं नाही, आणि मीही वेड्यासारखं विचारलं नाही. तोवर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळायचं थांबलं होतं. हात असाच धरून ठेवला तर उरलेलीही आखडतील, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. धरून ठेवू नको तर काय करू? हलवला की आग, नाही हलवला की लाकूड.

आज दहावी फेरी होती. नेहमीच्या सिस्टर रजेवर होत्या. त्यांच्या जागी एक नवी मुलगी बसली होती, शिकाऊ असावी, सगळं पुस्तकातल्यासारखं विचारणारी. नेहमीच्या सिस्टर फाइल उघडता उघडता म्हणायच्या, "आकडा? चारच ना?" मी म्हणायचे, "हो, चारच." झालं. ही म्हणाली, "ताई, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तर आज किती?"

"दहा?" मी विचारलं.

"दहा लिहू?"

"नाही, थांब. हे दहापैकी असतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "दहापैकीच असतं ना, ताई."

आमच्याकडे कारखान्यात चारपैकी असतं. बोटभर दोष असला की एक गुण, वीतभर असला की चार. आणि चारच्या वर काही नाही. भोकातून अख्खा माणूस पलीकडे जाईल इतकं मोठं असलं, तरी त्या मीटरभर कापडाला चारच. चार म्हणजे संपलं, बाजूला काढा. सात वर्षं मी दिवसभर हेच आकडे उच्चारत आले आहे. प्लास्टर कापलं त्या दिवशी, हात पहिल्यांदा पेटला होता तेव्हा, सिस्टर घाईघाईत म्हणाल्या होत्या, "दुखण्याचा आकडा सांगा." माझ्या तोंडून निघालं, चार. सगळ्यात मोठा आकडा सांगितला होता मी त्यांना.

फाइल माझ्यासमोर उघडी होती. चार, चार, चार. नऊ फेऱ्यांचे नऊ चार, एकाखाली एक.

"नऊ लिही," मी म्हणाले. दहा म्हणवेना. माझ्या लेकीच्या, गुंडीच्या जन्माच्या वेळचं आठवलं, आणि तेही याच्या अलीकडेच राहिलं, तरी दहा म्हणवेना.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "अचानक चारवरून नऊ? मध्ये काही लागलं का?"

"काही लागलं नाही. आधीही नऊच होतं."

"मग चार का सांगत होतात?"

मी सांगितलं. तागा, टेबल, वीत, भोक. सांगताना माझं मलाच कसंतरी वाटलं, शाळेत गणित चुकल्यासारखं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे आठ महिने तुम्ही मला कापडाचे गुण सांगत होतात."

"तुम्ही आठ महिन्यांत विचारलं नाहीत, कितीपैकी."

त्यांनी फाइलची मागची पानं उलटली. मग म्हणाले, "वेदना विभाग सातच्या खाली कुणाला घेत नाही. नियम त्यांचा आहे. आता एकदम नऊ पाठवलं, तर ते मागचे चार बघतील आणि म्हणतील, नंबर लागावा म्हणून वाढवून सांगितलं. जुन्या नोंदी मला बदलता येत नाहीत."

"बदलू नका. खाली लिहा, काय झालं ते."

त्यांनी लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं. रुग्णाच्या म्हणण्यानुसार, आधीचे आकडे चारपैकी होते.

"'म्हणण्यानुसार' कशाला?"

"बाई, दुखणं मोजायचं यंत्र नाही माझ्याकडे. सगळं म्हणण्यानुसारच असतं."

"मग आधीचे ते सगळे चारही 'म्हणण्यानुसार'च होते. तिथे लिहिलंत का तसं?"

त्यांनी ते दोन शब्द खोडले. चिठ्ठी दिली. विभागाची तारीख अकरा आठवड्यांनंतरची मिळाली. दारातून मी परत वळले, कारण विचारल्याशिवाय घरी जाता आलं नसतं. "पहिल्याच दिवशी नऊ म्हटलं असतं तर?"

ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. "पहिल्या महिन्यातच पाठवलं असतं," ते म्हणाले.

घरी आले तेव्हा नवरा जेवणाच्या टेबलाशी गुंडीचे कपडे घड्या करत बसला होता. गुंडी, आमची चार वर्षांची, टेबलाखाली होती. तिथे तिचं दुकान आहे. मी फाइल त्याच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, एकदा पाठ धरली तेव्हा त्यालाही हाच आकडा विचारला होता.

"मला माहीत होतं दहापैकी असतं ते," तो हळूच म्हणाला.

"आजची फेरी सोडून प्रत्येक वेळी शेजारी बसला होतास."

"मला वाटलं, चार म्हणजे चार. तू ओरडायची नाहीस, काही नाही."

"ओरडले असते तर ही घाबरली असती."

टेबलाखालून आवाज आला, "मी नाही घाबरत."

तो घडी घातलेलाच फ्रॉक परत उलगडून परत घालत होता. "म्हणजे मी तुला म्हणालो होतो, चारच तर आहे, बादली तेवढी उचल..."

"जाऊ दे" हे माझ्या ओठांवर तयारच असतं. कुणाचंही तोंड पडलं की मी ते पटकन देऊन टाकते, लहान मुलाला खाऊ द्यावा तसं. आज नाही दिलं.

"हो. त्या दिवशीही नऊच होतं," मी म्हणाले.

त्याने फ्रॉक बाजूला ठेवला. मग चिठ्ठीला जोडलेला विभागाचा फॉर्म त्याने ओढून घेतला. तो भरून आठवड्याच्या आत पाठवायचा होता. "तू सांग, मी लिहितो. आणि कमी करून सांगू नकोस."

"मला उजव्या हाताने लिहिता येतं."

"माहितीये. तरी सांग."

तो वाचत गेला, मी सांगत गेले. भांडी घासता येतात का? एका हाताने. झोप किती? तुकड्यातुकड्यांत. काही सोपं सांगितलं की तो मान वर करून नुसता बघायचा, आणि मी परत, खरं ते सांगायचे. खरं सांगताना लाज वाटते, हे मला आज कळलं. चोरी केल्यासारखी.

"घरातल्या माणसांना जवळ घेता येतं का?" त्याने वाचलं. "हो किंवा नाही, एवढंच आहे. खूण करायची."

मी विचार करत राहिले. हो म्हटलं तर खोटं, आणि नाही तर माझ्याने म्हणवत नव्हतं.

"मला घेता येतं," गुंडी टेबलाखालून म्हणाली. "पण आधी विचारायचं. आणि पळत यायचं नाही."

त्याने पेन दोन्ही चौकोनांवर फिरवलं आणि उचललं. "हे कुठे लिहू?"

"बाजूला लिही. समासात. ती म्हणाली तसंच."

समास अरुंद होता. त्याने फॉर्म आडवा केला आणि बारीक अक्षरात लिहायला घेतलं. गुंडी टेबलाखालून बाहेर आली, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि तिने विचारलं, "येऊ?"