सालीत रुतलेला पिंजरा

मी एक जुना लोखंडी पिंजरा आहे, मित्रांनो. पण माझ्यात ना कधी पोपट होता, ना वाघ. भोसरीतल्या एका कंपनीच्या गेटासमोर, फुटपाथवरचं रोप गुरांनी खाऊ नये म्हणून मला उभं केलं. मला ट्री गार्ड म्हणतात. नाव मोठं, लक्षण खोटं. माझ्या राखणीत पाच रोपं मेली.

मला इथल्याच मालोजी वेल्डरांनी घडवलं. अंगाला हिरवा रंग, पोटावर कंपनीच्या नावाची पाटी. पहिल्या वर्षी मी फार फुशारलो होतो. दर जूनमध्ये साहेब लोक यायचे, रोप लावायचे, फोटो काढायचे, समोसे खायचे आणि जायचे. दिवाळीपर्यंत रोप वाळायचं. पुढच्या जूनला तोच खड्डा, तेच साहेब, नवं रोप. प्रत्येक फोटोत मी असायचो आणि मला लाज वाटायची.

सहाव्या वर्षी करंजाचं रोप आलं. फोटोवाले पांगल्यावर गेटाशी पालेभाजी विकणाऱ्या यशोदाबाईंनी सहज माती उकरून पाहिली.

"अगं बया, पिशवीसकट पुरलंय की! मुळं जातील कुठं?"

घाईत नर्सरीची काळी पिशवी कोणी फाडलीच नव्हती. आधीची पाच का मेली, ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी उगाच उन्हाला बोल लावत होतो. बाईंनी पिशवी काढून रोप नीट लावलं आणि मेथी-कोथिंबिरीवर शिंपडून उरलेलं पाणी त्याला रोज घातलं.

करंज आता बारा वर्षांचा आहे. शिफ्ट सुटली की माणसं त्याच्या सावलीत बाईंकडून भाजी घेतात. मला काढायची आठवण मात्र कोणाला राहिली नाही. माझी वरची गोल कडी मुळातच अरुंद. खोड जाडलं, कडीला भिडलं, साल माझ्यावर चढू लागली. ज्याला राखलं, त्याचाच गळा मी आवळत होतो. यंदा शेंड्याची पानं पिवळी पडली. मित्रांनो, इतका मी कधीच खजील झालो नव्हतो.

बाईंनी वॉचमनला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "मावशी, पाटी कंपनीची आहे. साहेबांना विचारल्याशिवाय हात नाही लावायचा." ते साहेब कधीच बदलून गेले होते.

मग परवा दुपारी बाई मालोजींनाच घेऊन आल्या. त्यांचे केस पिकलेत. त्यांनी माझ्या सांध्यावरून बोट फिरवलं.

"माझंच काम हाय. लई पक्कं केलं हुतं."

"मग तुम्हीच तोडा, भाऊ. झाड चाललंय."

वॉचमन आडवा आला. मालोजींनी पाटी उचकटून त्याच्या हातात दिली. "ही घ्या तुमची कंपनी. बाकीचं मी बघतो."

तासाभरात कडी कापली गेली. झाड सुटलं. तीन सळ्या मात्र सालीत इतक्या खोल गेल्या होत्या, की ओढल्या असत्या तर खोड फाटलं असतं. मालोजींनी त्या तशाच ठेवल्या. माझं बाकीचं अंग भंगारात गेलं. तुमच्याशी बोलतो आहे तो या तीन सळ्यांतून.

मित्रांनो, रोप लावाल तेव्हा आधी पिशवी फाडा. आणि झाड अंगाने भरलं, की त्याचा पिंजरा वेळेवर काढा. मला मात्र आता काढू नका. दोन-तीन पावसाळ्यांत साल माझ्यावरून मिटेल. मग मी कोणाला दिसणार नाही, आणि करंज उभा असेल.