दर पंधरा मिनिटांचा उंचवटा

मोन्तेविदेओतल्या आमच्या दूध सहकारी संस्थेचं डेटाचं कोठार क्लाउडवर आहे. पैसे कसे भरायचे, हे शुक्रवारी दुपारपर्यंत मला आमच्या साहेबांना, मिल्टन यांना, सांगायचं होतं: जितका डेटा वाचू तितके, की महिन्याला ठरावीक? करार वर्षभराचा. ठरावीकातला परवडणारा टप्पा छोटा होता, त्यात रोज थोडंच वाचता आलं असतं. तो घेतला तर माझा सहकारी यामान्दू याचा रोजचा दुधाचा अंदाज बंद पडणार होता, आणि त्यावर एकशे चाळीस छोटे गोठेवाले चारा ठरवतात.

महिनाभर मी वापरावर डोळा ठेवून होते. आलेखात दर पंधरा मिनिटांनी एक उंचवटा, रविवारीसुद्धा! कोणाचा, देव जाणे. वेगळी खाती मागायचा अर्ज भरायच्या कंटाळ्याने आम्ही सहाही जण एकाच नावाने आत शिरतो. डोकं पार भंजाळलं होतं. एवढा वापर म्हटल्यावर ठरावीकच बरं, असं म्हणून मंगळवारी मी यामान्दूला अंदाज आवरायला सांगितलं. बिचाऱ्याने गोठेवाल्यांना तसं कळवूनही टाकलं.

शुक्रवारी सकाळी मात्र तो भडकला. "अगं, माझा अंदाज पहाटे एकदाच चालतो!"

"मग रविवारी कोण येतं? तुझं भूत?"

"सगळं बंद करून बघ की एकदा."

दहा ते अकरा कोणी काही चालवायचं नाही असं ठरलं. ठरलेली कामंही थांबवली. सहा जण हात बांधून बसलो, माते, म्हणजे इथला कडू पानांचा चहा, मी ओतत होते, तो प्यायचा पोकळ भोपळा हातोहात फिरत होता. सव्वादहाला उंचवटा आला. साडेदहाला पुन्हा.

"कोणी हात लावला?" मी ओरडले.

"कोणी नाही. एकटी तूच बघत बसलीयस," यामान्दू म्हणाला.

"मी नुसती बघतेय रे!"

"कशाने बघतेस?"

मी वापर मोजायचा माझा प्रोग्राम उघडला. कुठला तक्ता किती वाढला हे मोजायला तो दर पंधरा मिनिटांनी अख्खं कोठार पहिल्यापासून वाचत होता. महिनाभर मी स्वतःवरच पाळत ठेवली होती. तो बंद केला. पावणेअकराची रेघ सपाट गेली.

बाराला मिल्टन आले. "काय ठरलं?"

"वाचू तितके द्या. आम्ही फार वाचत नाही. मीच वाचत होते."

त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी सही केली.

"गोठेवाल्यांना काय लिहू?" यामान्दूने विचारलं.

"अंदाज चालू राहील म्हणून लिही," मी म्हणाले. "आणि चूक कोणाची, तेही लिही. नावासकट."